फुली दाबली तरी विंडो बंद का होत नाही, आणि नको तेव्हा का होते

डेस्कटॉप प्रोग्रॅमिंग शिकताना पहिली विंडो स्क्रीनवर आली की जाम भारी वाटतं. पाच-सहा ओळी लिहिल्या, रन केलं, आणि एक रिकामी राखाडी चौकट उघडली. तिला वर पट्टी आहे, फुली आहे, ओढली की सरकते, कोपरा धरून ताणली की मोठी होते, आणि यातलं आपण काहीच लिहिलेलं नाही. खरं तर इथेच थांबून विचारायला पाहिजे की मग हे लिहिलं कोणी. पण तेव्हा कोणी थांबत नाही, लगेच पुढचे प्रश्न सुरू होतात, फुली दाबली की "सेव्ह करू का" कसं विचारायचं, विंडो बरोबर मधोमध कशी उघडायची, सगळ्यांच्या वर कायम कशी ठेवायची, कोणी ताणू नये म्हणून काय करायचं. एकेकाचं उत्तर शोधून कोडमधे चिकटवत गेलं की प्रोग्रॅम आपल्या मशीनवर झकास चालतो आणि दुसऱ्याच्या मशीनवर तोंडावर आपटतो.

मी बरीच वर्षं असंच केलंय, म्हणून सांगतो. विंडो आपली नसतेच. आपण भाडेकरू. आतल्या खोलीत काय मांडायचं ते आपण ठरवायचं, पण ती वरची पट्टी, ती फुली, कडा, विंडो कुठे उघडायची, कोण कोणाच्या वर बसणार, हे सगळं दुसराच एक प्रोग्रॅम बघतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. विंडोजमधे आणि मॅकमधे तो सिस्टीमच्या पोटातच असतो, लिनक्सवर बऱ्याचदा वेगळा असतो आणि बदलताही येतो. आपण कोडमधे "विंडो इथे ठेव" लिहितो तेव्हा तो हुकूम नसतो, अर्ज असतो. बहुतेक वेळा मंजूर होतो, म्हणून आपल्याला तो हुकूम वाटायला लागतो आणि मग ज्या दिवशी नामंजूर होतो त्या दिवशी आपण लायब्ररीत बग आहे म्हणून बोंब मारतो.

कोण कोणाच्या वर, हा प्रश्न विंडोजमधे पहिल्यापासून नव्हता. १९८५ च्या विंडोज १.० मधे विंडो एकमेकींवर यायच्याच नाहीत, फरशा बसवल्यासारख्या शेजारी शेजारी बसायच्या, वर फक्त डायलॉग बॉक्स यायचे. एकावर एक विंडो ठेवायची सोय १९८७ मधे विंडोज २.० ला आली. आता "वर कोण" हा प्रश्न जिथे आला तिथे भांडण आलंच, आणि भांडण आलं की पंच लागतो. युनिक्सच्या जगात १९८४ साली एमआयटीमधे एक्स विंडो सिस्टीम सुरू झाली तिने तर सरळ कामं वाटून टाकली, चित्र काढायचं काम एकाकडे, विंडो कुठे ठेवायच्या ते दुसऱ्याकडे.

तर फुलीपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.

फुलीवर क्लिक केलं की विंडो बंद होते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात फुलीवर क्लिक केलं की आपल्या प्रोग्रॅमला एक चिठ्ठी येते. बस, एवढंच. विंडोजमधे त्या चिठ्ठीचं नाव डब्ल्यूएम क्लोज. ऑल्ट एफ४ दाबलं तरी हीच येते, टास्कबारवर राइट क्लिक करून बंद केलं तरी हीच. प्रत्येक ग्राफिकल प्रोग्रॅमच्या आत एक लूप फिरत असतो, त्याचं काम एकच, रांगेतली पुढची चिठ्ठी काढायची, ज्या विंडोची असेल तिच्या फंक्शनला द्यायची, परत रांगेपाशी येऊन उभं राहायचं. माऊस हलला ही चिठ्ठी, कीबोर्डवरची की दाबली ही चिठ्ठी, विंडोचा हा भाग परत रंगवा ही चिठ्ठी. बंद करायचंय ही पण त्यातलीच एक, तिला काही खास मान नाही.

त्या चिठ्ठीवर आपण काहीच केलं नाही, म्हणजे आपल्या कोडमधे तिचा उल्लेखच नाही, तर विंडोजचं ठरलेलं फंक्शन ती घेतं आणि विंडो मोडून टाकतं. मोडल्यावर दुसरी चिठ्ठी येते, डब्ल्यूएम डिस्ट्रॉय, ही विचारायला नाही, कळवायला आलेली असते. आणि इथे एक गोची आहे. विंडो मोडली म्हणून प्रोग्रॅम थांबत नाही! लूप फिरतोच आहे, रांगेपाशी उभा आहे, चिठ्ठ्या येत नाहीत म्हणून गप्प आहे इतकंच. डिस्ट्रॉयच्या वेळी आपण पोस्ट क्विट मेसेज नावाचं फंक्शन बोलावलं तर रांगेत शेवटची चिठ्ठी पडते, डब्ल्यूएम क्विट, आणि ती दिसली की लूप संपतो. ती ओळ विसरली की स्क्रीनवर काही नाही पण टास्क मॅनेजर उघडला तर तुमचा प्रोग्रॅम सतरा वेळा चालू, कारण सकाळपासून तुम्ही सतरा वेळा रन करून फुली दाबलीये.

म्हणजे बंद करा, मोडली, संपलं अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हीला "बंद होणं" म्हणतो. भाषा कुठलीही घ्या, टूलकिट (म्हणजे विंडो, बटणं तयार देणारी लायब्ररी) कुठलंही घ्या, हे तीन टप्पे कुठेतरी असतातच, फक्त कोणी काय आपोआप करायचं ते प्रत्येकाने आपल्या मर्जीने ठरवलंय. जावाच्या स्विंग टूलकिटमधे जेफ्रेमची, म्हणजे तिथल्या मुख्य विंडोची, फुली दाबली तर काहीच न सांगता विंडो नुसती लपते. मोडत नाही, संपत नाही, लपते. एक्झिट ऑन क्लोज असं स्पष्ट सांगावं लागतं. क्यूटी या दुसऱ्या टूलकिटमधे शेवटची विंडो बंद झाली की प्रोग्रॅम आपोआप संपतो, तसं नको असेल तर ते सेटिंग बंद करायचं. मॅकवर शेवटची विंडो गेली तरी ॲप चालूच राहतं आणि ती तिथली रीत आहे, बग नाही, वर मेनू तसाच असतो आणि लोक त्यातून नवीन विंडो उघडतात.

टीकेइंटर या पायथनच्या टूलकिटमधलं उदाहरण जरा जवळून बघू कारण पायथन शिकणारे बहुतेक सगळे इथून जातात. फुलीवर आपलं फंक्शन चालवायचं असेल तर रूट डॉट प्रोटोकॉल असं लिहायचं (रूट म्हणजे आपली मुख्य विंडो), पहिला पॅरामीटर डब्ल्यूएम डिलीट विंडो हे नाव कोटमधे, दुसरा आपल्या फंक्शनचं नाव. हे नाव बघून लोक घाबरतात, डिलीट म्हणजे उडवलीच की काय, पण उडवलेलं काही नसतं, ते जुन्या एक्स विंडो सिस्टीममधल्या चिठ्ठीचं नाव आहे, टीकेइंटरच्या पोटातल्या टीकेचा जन्म तिकडचा म्हणून ते नाव विंडोजवर आणि मॅकवरही तसंच वापरायचं. त्या एक्सच्या जगात तर अजून मजा आहे, प्रोग्रॅमने आधीच सांगून ठेवावं लागतं की मला ही चिठ्ठी कळते, आणि नसेल सांगितलं तर विंडो मॅनेजर विचारत बसत नाही, सरळ प्रोग्रॅमचं एक्सशी असलेलं कनेक्शन तोडून मोकळा होतो.

तर या एका ओळीत दोन चुका हमखास होतात. पहिली, फंक्शनच्या नावापुढे कंस लावणं. कंस लावला की ते फंक्शन तिथल्या तिथे, विंडो दिसायच्या आधीच चालतं, "बाहेर पडायचं का?" असा प्रश्न प्रोग्रॅम सुरू होताच येतो, आणि नंतर फुली दाबल्यावर मात्र तो येत नाही. दुसरी चूक जास्त गमतीची, आपण फंक्शन लावलं की बंद करायची जबाबदारी आपल्यावर आली, टीके आता स्वतःहून काही करत नाही, त्यामुळे आत रूट डॉट डिस्ट्रॉय लिहायला विसरलात तर फुली कितीही दाबा, ढिम्म. नवशिका माणूस मग टर्मिनल बंद करतो, क्वचित कॉम्प्युटरच.

नकार द्यायची पद्धतही सगळीकडे वेगळी. क्यूटीमधे क्लोज इव्हेंटला इग्नोर म्हणायचं, लिनक्सवर चालणाऱ्या जीटीके टूलकिटमधे ट्रू परत द्यायचं, आणि इथे ट्रू म्हणजे "हो बंद कर" नाही तर "मी बघतो, तू काही करू नकोस". हे उलटं का, तर ट्रू म्हणजे प्रश्न माझ्या पातळीवर मिटला. मी हे दरवेळी डोकं खाजवून आठवतो.

पण नकार देता येतो म्हणून प्रत्येक वेळी "तुम्हाला नक्की बाहेर पडायचंय का?" विचारणं हा निव्वळ आगाऊपणा आहे, माझं स्पष्ट मत. माणसाने फुली दाबली म्हणजे त्याला बाहेर पडायचंय. सेव्ह न केलेलं काही असेल तरच विचारा, आणि तेव्हाही बटणांवर हो-नाही न लिहिता सेव्ह करा, टाकून द्या, राहू द्या असं लिहा, कारण "नाही" म्हणजे सेव्ह नको की बंद नको हे कोणालाच कळत नाही. शिवाय सगळी मदार फुलीच्या चिठ्ठीवर ठेवू नका. विंडोज शटडाऊन होताना येणारी चिठ्ठी वेगळी असते, क्वेरी एंड सेशन नावाची, आणि प्रोसेस सरळ मारून टाकली किंवा वीज गेली तर कुठलीच येत नाही. डेटा वाचवायचा तर काम चालू असतानाच अधूनमधून सेव्ह करत राहायचं, निरोपाच्या क्षणाची वाट बघायची नाही.

आता त्या लूपकडे परत येऊ, कारण "हँग झाला" हे प्रकरण पूर्ण त्याच्यातच आहे. समजा बटणावर क्लिक केलं की मोठी फाइल वाचायची आहे आणि त्याला वीस सेकंद लागतात. क्लिकची चिठ्ठी लूपने काढली, तुमच्या फंक्शनला दिली, आणि आता तो तुमचं फंक्शन परत येईपर्यंत उभा आहे. तेवढ्यात रांगेत रंगवा, सरकवा, बंद करा अशा चिठ्ठ्या साचतायत आणि त्या काढायला कोणी नाही. विंडोज पाच सेकंद बघतं. तेवढ्या वेळात तुम्ही एकही चिठ्ठी विचारली नाही तर तुमच्या विंडोला हँग ठरवतं, आणि पट्टीवर नॉट रिस्पाँडिंग येतं. आणि हे मला कळलं तेव्हा खरंच आश्चर्य वाटलं होतं, त्या वेळी जी फिकट पडलेली विंडो दिसते ती तुमची नसतेच! विंडोजने तुमची खरी विंडो लपवून तिच्या जागी शेवटचं चित्र चिकटवलेली एक तोतया विंडो ठेवलेली असते, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम मेल्यासारखा पडलेला असतानाही युजरला ती सरकवता यावी, मिनिमाइज करता यावी. म्हणजे पट्टीवरची सत्ता कोणाची याचा याहून ढळढळीत पुरावा काय पाहिजे.

उपाय दोनच. लांबलचक काम वेगळ्या थ्रेडमधे, म्हणजे त्याच प्रोग्रॅममधे शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यात, टाकायचं, किंवा तुकडे करून थोडं थोडं करायचं आणि मधे लूपला श्वास घेऊ द्यायचा. टीकेइंटरमधे आफ्टर हे फंक्शन त्यासाठीच आहे, इतक्या मिलिसेकंदांनी हे चालव म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. स्लीप, म्हणजे प्रोग्रॅमला नुसतं थांबवून ठेवणारं फंक्शन, लिहायचा नाही. दहा सेकंदांचा स्लीप म्हणजे दहा सेकंद मेलेली विंडो, त्यात दुसरं काही नाही. आणि थ्रेड केला तर त्या थ्रेडमधून लेबल, बटण यांना हात लावायचा नाही, निकाल मुख्य थ्रेडकडे पाठवायचा आणि बदल त्याने करायचा. जवळपास सगळ्या टूलकिटचा हा नियम आहे आणि तो मोडला तर लगेच काही होत नाही, हाच त्याचा त्रास, महिन्यातून एकदा कुठेतरी क्रॅश होतो आणि तुम्ही शोधत बसता.

साइज आणि जागा. ह्यातलं सोपं आधी संपवतो. कमीत कमी साइज ठरवा, सगळीकडे सोय असते, टीकेइंटरमधे मिनसाइज, क्यूटीत सेट मिनिमम साइज, खाली विंडोजमधे गेट मिनमॅक्स इन्फो नावाची चिठ्ठी येते तिच्यात आकडे भरायचे. पण ताणणं पूर्ण बंद करू नका. आपल्याला वाटतं मांडणी बिघडेल, पण समोरच्याकडे अक्षरं मोठी असतात, भाषा वेगळी असते, आणि मग अर्धं बटण कडेखाली जातं आणि ताणायची सोय नाही. मांडणी बिघडत असेल तर मांडणी नीट करा.

मधोमध आणायचं प्रकरण मात्र बघण्यासारखं आहे. गणित सोपं, स्क्रीनच्या रुंदीतून विंडोची रुंदी वजा, भागिले दोन. स्क्रीन १९२० बाय १०८० ची, विंडो ४०० बाय ३०० ची, म्हणजे डावा वरचा कोपरा ७६० आणि ३९० वर पाहिजे. टीकेइंटरमधे विन्फो विड्थने रुंदी विचारली, गणित केलं, चालवलं, आणि विंडो खाली उजवीकडे सरकून बसली. प्रिंट करून बघितलं तर रुंदी १. उंची पण १. म्हणून कोपरा ९५९ आणि ५३९ वर गेला, म्हणजे विंडो मधोमध नाही, विंडोचा कोपरा मधोमध. कारण काय, तर आपण विचारलं तेव्हा विंडो अजून झालेलीच नव्हती, लूपला ती मांडायला वेळच मिळाला नव्हता. आधी अपडेट आयडलटास्क्स बोलवा आणि मग विचारा, किंवा विन्फो रेकविड्थ विचारा, म्हणजे किती जागा लागणार आहे ते, की आकडा बरोबर येतो.

याच जातीचा दुसरा किस्सा माझ्या हातून घडलेला. सी शार्पमधे विंडोज फॉर्म्सचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, युजरने विंडो जिथे ठेवली तिथेच पुढच्या वेळी उघडावी म्हणून बंद होताना लोकेशन फाइलमधे सेव्ह करायचो आणि सुरू होताना वाचायचो. महिनाभर मस्त चाललं. मग एकाचा फोन, प्रोग्रॅम उघडतच नाही. टास्कबारवर दिसतोय, पण स्क्रीनवर नाही. अनइन्स्टॉल करून परत टाकला, तरी तेच. मी हात टेकले होते, शेवटी ती फाइल मागवली तर आत एक्स पण उणे ३२००० आणि वाय पण उणे ३२०००. झालं असं होतं की त्याने विंडो मिनिमाइज केलेली असताना टास्कबारवरून राइट क्लिक करून बंद केली होती, आणि विंडोज मिनिमाइज केलेल्या विंडोला आजही स्क्रीनच्या लांब बाहेर, बरोबर उणे ३२००० वर नेऊन ठेवतं. मी ते इमानदारीत सेव्ह केलं आणि इमानदारीत परत तिथेच उघडली. रिस्टोअर बाउंड्स नावाची प्रॉपर्टी त्यासाठीच असते, मिनिमाइज किंवा मॅक्झिमाइज असली तरी मूळची जागा ती सांगते, आणि मला ती माहीतच नव्हती.

त्यात एक पुढची पायरी पण आहे. सेव्ह केलेली जागा बरोबर असली तरी ती जागा आज अस्तित्वात असेल असं नाही. काल लॅपटॉपला दुसरा मॉनिटर लावलेला होता, विंडो त्याच्यावर होती, आज तो नाही. त्यामुळे वाचलेला चौकोन आत्ताच्या कुठल्या तरी मॉनिटरवर पडतोय का हे तपासल्याशिवाय वापरायचा नाही. आणि तपासताना "उणे आहे म्हणजे चूक" असंही धरायचं नाही, कारण मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा असेल तर तिथले एक्स उणेच असतात. क्यूटीचं रिस्टोअर जॉमेट्री ही तपासणी स्वतः करतं, म्हणून ते असताना आपली हुशारी चालवू नये. मॉनिटरचं स्केल वेगवेगळं असलं की आणखी घोळ, विंडोजमधे शंभर टक्के म्हणजे ९६ डीपीआय (एका इंचात इतके ठिपके), दीडशे टक्के म्हणजे १४४, आणि आपला प्रोग्रॅम हे समजतो असं त्याने जाहीर केलं नसेल तर विंडोज त्याचं चित्र काढून ताणतं, म्हणून काही जुने प्रोग्रॅम नवीन स्क्रीनवर चष्मा काढल्यासारखे दिसतात.

सगळ्यांच्या वर राहणं. टीकेइंटरमधे टॉपमोस्ट, क्यूटीत स्टेज ऑन टॉप, एका ओळीचं काम. पण एक क्षण विचार करा की दोन प्रोग्रॅमने हेच केलं तर? दोघं एकमेकांच्या वर तर बसू शकत नाहीत. तर विंडोजमधे "वरचे" आणि "साधे" असे दोन थर असतात, टॉपमोस्ट म्हणजे वरच्या थरात प्रवेश, त्या थराच्या आत शेवटी ज्याच्यावर क्लिक केलं तो वर. म्हणजे "कायम सगळ्यांच्या वर" असं काही नसतंच. घड्याळ, छोटा व्हिडिओ, रंग निवडायचं टूल, यांना ते शोभतं, मुख्य विंडोला नाही.

आणि त्याहून वाईट म्हणजे लक्ष खेचून घेणं, ज्याला फोकस चोरणं म्हणतात. तुम्ही काहीतरी टाइप करताय, नजर कीबोर्डवर, तेवढ्यात मागून एक विंडो उसळून पुढे येते आणि तुमचं अर्धं वाक्य तिच्यात जातं, स्पेस दाबला ते तिच्या बटणावर क्लिक ठरतं, आणि काहीतरी "ओके" झालेलं असतं जे तुम्ही वाचलंच नाही. पासवर्ड टाइप करताना झालं तर विचारूच नका. एके काळी सगळेच प्रोग्रॅम हे करायचे म्हणून विंडोज ९८ आणि २००० पासून बंधन आलं, सेट फोरग्राउंड विंडो हे फंक्शन आता कोणीही बोलावून उपयोग नाही, युजर सध्या दुसऱ्या प्रोग्रॅममधे काम करत असेल तर तुमची विंडो पुढे येत नाही, टास्कबारवरचं बटण फक्त लुकलुकतं. यावर लोक काय काय जुगाड करतात, क्षणभर टॉपमोस्ट कर आणि काढ, मिनिमाइज करून परत मोठी कर, खोटी की दाबल्याचं नाटक कर. मी पण केलंय. आता कोणी विचारलं तर सांगतो की लुकलुकू दे, त्याचं काम झालं की तो येईल बघायला.

डायलॉग बॉक्स उघडा असताना मागची विंडो गोठवणं, म्हणजे मोडल डायलॉग, याच्यावर एका माणसाचा आयुष्यभर राग होता. लॅरी टेस्लर, झेरॉक्सच्या पार्क लॅबमधला, कट-कॉपी-पेस्ट आपल्याला मिळालं त्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो, त्याच्या गाडीच्या नंबर प्लेटवरच "नो मोड्स" लिहिलेलं होतं. इतकं टोकाला जायची गरज नाही, पण मोडल वापरलाच तर तो कोणाचा आहे हे सांगा. मालक विंडो न सांगता डायलॉग उघडला की तो कधीतरी मुख्य विंडोच्या मागे जातो, आणि मग पुढची विंडो क्लिक घेत नाही कारण ती डायलॉगची वाट बघतेय, आणि डायलॉग दिसत नाही कारण तो मागे आहे. युजरच्या दृष्टीने प्रोग्रॅम हँग. टीकेइंटरमधे ट्रान्झियंट आणि ग्रॅब सेट या दोन्ही ओळी लागतात, पहिली मालक सांगते, दुसरी मागचं गोठवते, आणि लोक दुसरीच तेवढी लिहितात. मॅकवाल्यांनी शीट नावाचा प्रकार काढून हा प्रश्नच मिटवला, डायलॉग विंडोलाच चिकटलेला, मागे जाणार कुठे.

लिनक्सवर आता एक्सच्या जागी वेलँड आलंय, २००८ ला सुरू झालेलं, आणि तिथे तर भाडेकरूचा उरलासुरला गैरसमजही काढून टाकलाय. विंडो स्क्रीनवर नेमकी कुठे आहे हे प्रोग्रॅमला कळतच नाही, आणि साध्या विंडोला "इथे ठेव" असं सांगायची सोयही नाही. वरची सगळी मधोमधची गणितं, सेव्ह केलेली जागा, सगळं तिथे मुकाट्याने बाजूला ठेवलं जातं, एरर पण येत नाही. जीटीके ४ आलं २०२० च्या डिसेंबरमधे, त्यातून विंडो हलवायचं फंक्शनच काढून टाकलं. सुरुवातीला मला ही दादागिरी वाटली होती. पण एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या विंडो कुठे आहेत हे कळणं, त्यांच्यावर नेमकी आपली विंडो आणून ठेवता येणं, याचा गैरवापर किती सोपा आहे हे लक्षात घेतलं तर पटतं. थोडंसंच पटतं, कारण चार विंडोंची मांडणी लक्षात ठेवणारे प्रोग्रॅम तिथे खरंच अडले.

शेवटचा प्रकार म्हणजे ज्यांना भाडेकरू राहायचंच नाही. पट्टी नको, आमची डिझाइन आहे, आम्ही आमची पट्टी काढणार. काढता येते, टीकेइंटरमधे ओव्हरराइड रिडायरेक्ट ट्रू, क्यूटीत फ्रेमलेस. चालवलं की एकदम सुंदर दिसतं. मग कळतं की विंडो सरकत नाही. माऊस दाबला, हलला, सोडला यांचा हिशोब लिहून ती सरकवली, तर ताणता येत नाही. ताणायचं लिहिलं, तर सावली गेलेली. टीकेइंटरमधे तर टास्कबारवरून पण नाव गायब, ऑल्ट टॅबमधे पण नाही. यातल्या सरकवण्यावर विंडोजमधे एक सुंदर पळवाट आहे. माऊस विंडोवर हलला की सिस्टीम एनसी हिट टेस्ट नावाची चिठ्ठी पाठवून विचारते की हा जो बिंदू आहे तो विंडोचा कुठला भाग, आणि आपण बेधडक "पट्टी" असं उत्तर द्यायचं, की पुढचं सरकवणं, डबल क्लिकने मॅक्झिमाइज होणं, कडेला नेऊन चिकटवणं सगळं सिस्टीमच करते. कडेच्या पिक्सेलवर "कड" म्हणायचं, की ताणताही येतं. विंडोज ११ मधे मॅक्झिमाइजच्या बटणावर माऊस नेला की मांडणीचे छोटे चौकोन उघडतात ना, ते आपल्या घरगुती बटणावर आणायचे तर तिथेही त्याच चिठ्ठीला "हे मॅक्स बटण आहे" असं सांगावं लागतं. आणि तसं सांगितलं की त्या बटणावरचा आपला नेहमीचा क्लिक इव्हेंट येणं बंद होतं, कारण सिस्टीमच्या लेखी ते बटण आता तिचं झालं.